मंदीतले मोटार कारखाने : मदत कोणाला आणि अटी कोणावर
(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'मंदी आणि मोटार कारखाने' एवढेच सांगितले होते. पत्रिकेत त्यापुढे 'एक चिंतन' असे छापून आले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतील कारकुनाची. चिंतन आमच्याकडून होणे नाही. परंतु वीसेक वर्षे लोकांची कर्जखाती हाताळल्यामुळे कोणी कर्ज मागायला आला म्हणजे त्याच्यासमोर कोणते प्रश्न ठेवले जातात, कोणते ठेवले जात नाहीत, आणि हे माणूस पाहून कसे ठरते, एवढे मात्र आम्हाला कळते. तेवढ्या शिदोरीवर आज आम्ही अमेरिकेतील २००८-०९ सालच्या एका फार मोठ्या कर्जप्रकरणाची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहोत. विषय दूरचा वाटेल. पण या सभागृहातील निम्म्या घरांची चूल पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यावर पेटते, म्हणून तो फार दूरचा नाही.

प्रथम एक घरची गोष्ट सांगतो. २००८ चा डिसेंबर महिना होता. आम्ही त्या वेळी भोसरीच्या बाजूला एका शाखेत होतो. बँकेचे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण काउंटरवर आला. ट्रकचे लहान लहान भाग बनविणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो ठेकेदाराकडून कामाला होता. गाव खेडच्या पलीकडे. पहाटेच्या पाळीला एसटी मिळत नाही म्हणून त्याने आमच्याकडून कर्ज काढून मोटारसायकल घेतली होती, मामा जामीनदार होता. त्या नोव्हेंबरात टाटा मोटर्सने मागणी घटल्यामुळे जमशेदपूर आणि पुण्याचे कारखाने काही काही दिवस बंद ठेवले होते. मोठा कारखाना चार दिवस बंद राहिला की त्याला माल पुरविणारे वर्कशॉप महिनाभर थंड पडते. या मुलाला आधी आठवड्यातून तीन दिवस बोलावू लागले, मग नवीन वर्षात बघू म्हणाले. तीन हप्ते थकले होते. तो म्हणाला, "साहेब, दोन महिने थांबा. काम सुरू झालं की सगळं भरतो."

आम्ही त्याला आत मॅनेजरसाहेबांकडे नेले. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी परिपत्रकांची फाईल काढून दाखविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांच्या पुनर्रचनेविषयी सूचना काढल्या होत्या. अडचणीतल्या उद्योगाच्या कर्जाची मुदत वाढवून देता यावी आणि तरी ते खाते थकीत धरले जाऊ नये, अशी खास सवलत त्यात होती. मात्र वैयक्तिक आणि ग्राहकोपयोगी कर्जे त्या सवलतीतून वगळलेली होती. म्हणजे वर्कशॉपच्या मालकाला मुदत मिळू शकत होती, त्याच्या कामगाराला नाही. आम्ही बाहेर येऊन संगणकावरच्या नमुन्यात त्या मुलाचे नाव आणि रक्कम भरली आणि नोटीस छापली.

आणि त्याच आठवड्यात, १९ डिसेंबर २००८ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन कंपन्यांना १७.४ अब्ज डॉलरचे सरकारी कर्ज जाहीर केले. १३.४ अब्ज जनरल मोटर्सला, ४ अब्ज क्रायस्लरला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना आमच्या डोळ्यांसमोरून ती नोटीस हलेना. त्यानंतर या प्रकरणाविषयी जे जे हाती लागले ते आम्ही वाचत गेलो.

आता मूळ हकीकत. जनरल मोटर्स ही १९०८ साली स्थापन झालेली कंपनी. सत्तराहून अधिक वर्षे ती जगात सर्वांत जास्त मोटारी विकत होती. फोर्ड आणि क्रायस्लर मिळून या तिघांना अमेरिकेत 'डेट्रॉइटचे तीन' म्हणतात. १९९० नंतर स्वस्त पेट्रोलच्या काळात या तिघांनी आपला नफा मोठ्या, अवजड गाड्यांवर बसविला. लहान गाडीत नफा थोडा, म्हणून ते क्षेत्र जपानी कंपन्यांकडे सरकत गेले. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि अवजड गाड्यांचे गिऱ्हाईक पळाले. तेल पुढे उतरले, परंतु १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि कर्जपुरवठाच आटला. अमेरिकेत मोटार बहुधा रोखीने घेतली जात नाही, हप्त्याने घेतली जाते. कर्ज मिळेना तर गाडी कोण घेणार? २००७ मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी ६१ लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. २००८ मध्ये १ कोटी ३२ लाख, आणि २००९ मध्ये १ कोटी ४ लाखांच्या आसपास.

विद्यार्थी मित्रांना येथे एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी, कारण ती पाठ्यपुस्तकात सहसा नसते. विक्री तिसऱ्या हिश्शाने घटली तर नफा तिसऱ्या हिश्शाने घटेल, असे आपणांस वाटते. तसे होत नाही. गाडी कारखान्यातून वितरकाकडे रवाना झाली की कंपनीच्या वहीत विक्री लागते आणि पैसाही त्याच सुमारास हाती येतो. मात्र त्या गाडीला लागलेले टायर, काचा, आसने, तारा यांचे पैसे पुरवठादारांना दीड-दोन महिन्यांनी चुकवायचे असतात. कारखाना जोरात चालू असतो तोवर आजच्या गाडीच्या पैशातून मागच्या गाडीची उधारी फिटत राहते. कारखाना थांबला की येणे बंद, देणे मात्र चालूच. किराणा दुकानदाराला हे पटकन कळेल. म्हणून उत्पादन कमी करणे हा मोटार कंपनीच्या दृष्टीने काटकसरीचा उपाय असला तरी त्याच उपायाने तिची तिजोरी अधिक वेगाने रिकामी होते. न विकलेल्या गाड्या मैदानात उभ्या असताना नवीन बनविणे मूर्खपणाचे, आणि न बनविणे जीवघेणे, अशी ती कोंडी होती.

डिसेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सने पुढच्या तिमाहीत अडीच लाख गाड्या कमी बनविण्याचे आणि त्यासाठी वीसएक कारखाने काही आठवडे बंद ठेवण्याचे जाहीर केले. क्रायस्लरने तर १९ डिसेंबरपासून आपले तीसच्या तीस कारखाने किमान महिनाभर बंद केले. विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल या गावी जनरल मोटर्सचा १९१९ पासूनचा कारखाना होता. तेथील शेवटची शेव्हर्ले गाडी २३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधी, बाहेर पडली. आजोबा, बाप, मुलगा अशा तीन पिढ्या त्या एका फाटकातून आत गेलेल्या. काही कामगारांनी शेजारच्या पलीकडच्या राज्यात, फोर्ट वेनच्या कारखान्यात, बदली घेतली. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचे, सुट्टीला घरी यायचे. आपल्याकडे मुंबईच्या गिरणीत गेलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी हेच केले होते. मात्र बदलीचा हक्क जनरल मोटर्सच्या पटावरील कामगारांनाच होता. त्याच गाडीची आसने बनविणाऱ्या शेजारच्या कारखान्यातील कामगारांना तोही नव्हता. भोसरीचा मुलगा आणि हे आसनवाले, यांची जागा एकच.

तिघा कंपन्यांचे प्रमुख १८ आणि १९ नोव्हेंबर २००८ रोजी वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या समित्यांपुढे गेले आणि २५ अब्ज डॉलर मागितले. तिघेही स्वतंत्र खासगी विमानांनी गेले! एका सदस्याने विचारले, साध्या प्रवासी विमानाने कोण आले आहे, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या एका सदस्याने तर, हे म्हणजे उंची पोशाख चढवून अन्नछत्राच्या रांगेत उभे राहण्यासारखे झाले, अशा अर्थाचा टोमणा मारला. डिसेंबरात पुन्हा गेले ते डेट्रॉइटहून मोटारीने गेले, आणि या वेळी मागणी ३४ अब्जांवर गेली होती. यावर पुष्कळ हसून झाले. आम्हीही हसलो. पण कर्जदाराने कशातून यावे यावर हसणे सोपे असते. महत्त्वाचे ते पुढेच होते.

फोर्डची गोष्ट येथेच सांगून टाकतो. तिने २००६ सालीच, दिवस बरे असताना, बँकांकडून सुमारे २३.५ अब्ज डॉलरची सोय करून ठेवली होती. त्यासाठी कारखाने, पेटंटे आणि निळ्या लंबगोलातले आपले नावसुद्धा तारण दिले. नाव तारण ठेवणारा कर्जदार आम्ही अजून आमच्या शाखेत पाहिलेला नाही. त्यामुळे तिला त्या डिसेंबरचे सरकारी कर्ज घ्यावे लागले नाही. तरीही आपल्या दोन प्रतिस्पर्ध्यांना मदत द्यावी, असे ती समितीपुढे सांगत होती. कारण उघड होते. तिघांचे पुरवठादार बरेचसे तेच. दोघे बुडाले असते तर पुरवठादार बुडाले असते आणि तिसऱ्याला टायर आणि आसने मिळाली नसती.

११ डिसेंबरच्या रात्री सिनेटमध्ये मदतीचा प्रस्ताव अडला. तो कशावर अडला? कामगारांच्या मजुरीवर. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जपानी, जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांच्याइतकी मजुरी डेट्रॉइटच्या कामगारांनी २००९ मध्येच मान्य करावी, अशी विरोधी सदस्यांची अट होती. युनायटेड ऑटो वर्कर्स ही कामगारांची संघटना, चालू करार संपेपर्यंत म्हणजे २०११ पर्यंत वेळ मागत होती. त्या दिवसांत अमेरिकेत एक आकडा घरोघरी झाला होता, की मोटार कामगाराला तासाला सत्तर डॉलर मिळतात. हिशेब पाहणाऱ्या माणसाला ही लबाडी लगेच दिसते. जुन्या कामगाराची मजुरी तासाला साधारण २८ डॉलर होती. कंपनीला निवृत्त झालेल्या लाखो माणसांचे निवृत्तिवेतन आणि दवाखान्याचा खर्च द्यावा लागे. तो सगळा खर्च आज कामावर असलेल्यांच्या तासांवर वाटला की सत्तर होतात. आजोबांच्या औषधाचे बिल नातवाच्या पगारात धरायचे आणि नातू फार खातो असे म्हणायचे, असा तो हिशेब होता.

या ठिकाणी बँकांची आठवण काढणे भाग आहे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला अमेरिकेने ७०० अब्ज डॉलरचा निधी वित्तसंस्थांसाठी मंजूर केला होता. त्यातले १२५ अब्ज नऊ मोठ्या बँकांना द्यायचे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रमुखांना अर्थखात्यात बोलावून एकाच दुपारी कागदावर सह्या घेण्यात आल्या. कारकुनांचे पगार किती आहेत, असे त्या दुपारी कोणी विचारले नाही. विमा क्षेत्रातील एआयजी या कंपनीला सप्टेंबरपासून सरकारी पैसा मिळत होता. मार्च २००९ मध्ये तिने १६.५ कोटी डॉलर बोनस म्हणून आपल्या लोकांना वाटले. लोक संतापले. तेव्हा सरकारातून उत्तर मिळाले ते असे, की बोनसचे करार झालेले आहेत आणि आपल्या देशात करार मोडता येत नाहीत. मित्रहो, कामगारांचाही करारच होता. २००७ साली सह्या झालेला. तो मात्र मोडता आला.

आम्ही बँकेची भाकरी खातो, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या बँकांनी घेतलेला पैसा परत आला आणि सरकारला वर नफाही झाला. मोटार उद्योगात घातलेला सगळा पैसा परत आला नाही. एकूण सुमारे ८० अब्ज गेले, सुमारे ७० अब्ज आले. एकट्या जनरल मोटर्समध्ये ४९.५ अब्ज घातले होते, आणि डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने शेवटचे समभाग विकले तेव्हा हाती साधारण ३९ अब्ज आले होते. ज्यांना मदत मुळातच द्यायला नको होती असे वाटते, ते हा दहा अब्जांचा खड्डा दाखवितात. आमचे मत वेगळे आहे. त्या हिवाळ्यात खासगी बँका कोणालाच कर्ज देण्याच्या स्थितीत नव्हत्या. कंपन्या तशाच बुडू दिल्या असत्या तर पुरवठादार, वितरक, त्यांच्या दारातली चहाची टपरी, सगळेच गेले असते. मदत द्यायलाच हवी होती. आमचे भांडण मदतीशी नाही, अटींशी आहे.

पुढचा घटनाक्रम झटपट सांगतो. मार्च २००९ च्या अखेरीस नवे अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पद सोडायला लावले. ३० एप्रिलला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. जनरल मोटर्सची मालमत्ता ८२ अब्ज, देणी १७३ अब्ज. चाळीस दिवसांत, १० जुलैला, नवी कंपनी उभी राहिली आणि तिचे ६० टक्के समभाग सरकारकडे आले. क्रायस्लर इटलीच्या फियाटच्या हाती गेली. पाँटिॲक, सॅटर्न ही नावे इतिहासजमा झाली.

आता अटी. निवृत्त कामगारांच्या दवाखान्यासाठी कंपनीने जो निधी रोख द्यायचा होता, त्याचा मोठा हिस्सा कंपनीच्या समभागांच्या रूपाने देण्यात आला. म्हणजे बाजार चढला तर औषध, पडला तर प्रश्न. २०१५ पर्यंत मजुरीसाठी संप करायचा नाही, हे लिहून घेतले. काम नसलेल्या कामगाराला जवळपास पूर्ण पगार देणारी जी जुनी व्यवस्था होती ती संपली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नव्याने कामावर येणाऱ्याला तासाला साधारण १४ डॉलर. जुन्याला २८, नव्याला १४. २००७ च्या करारात ही दुहेरी मजुरी आली होतीच, २००९ मध्ये ती सर्व नव्या कामगारांवर बसली. एकाच पट्ट्याजवळ दोघे उभे आहेत, एकाच गाडीचे दार बसवीत आहेत, एक डावे, एक उजवे. उजवे दार बसविणाऱ्याला निम्मी मजुरी. कारण तो उशिरा आला.

हा उशिरा आलेला कोण असतो, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. डेट्रॉइटमध्येही ते जुने दुखणे आहे. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिणेतील कापसाच्या शेतांतून काळे मजूर हजारोंनी डेट्रॉइटला आले. फोर्डच्या रूज नदीकाठच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले, इतरत्र मिळत नव्हते ते मिळाले, हे खरे. पण बहुतेकांच्या वाट्याला ओतशाळेची भट्टी आली. 'सर्वांत शेवटी कामावर आणि सर्वांत आधी घरी' ही म्हण त्यांच्यातच रूढ झाली. १९६८ साली डॉज कारखान्यातल्या काळ्या कामगारांनी व्यवस्थापनाविरुद्ध आणि आपल्याच संघटनेच्या गोऱ्या पुढाऱ्यांविरुद्ध वेगळी चळवळ उभारली होती. २०१० च्या जनगणनेत डेट्रॉइट शहरात शंभरांत ब्याऐंशी माणसे काळी होती. कारखाने बंद होतात तेव्हा ते नकाशावर कोठे बंद होतात, हेही पाहावे लागते. जुलै २०१३ मध्ये ते शहरच दिवाळखोर झाले.

हे केवळ अमेरिकेचे नाही. जपानमध्ये २००४ पासून कारखान्यांना ठेकेदारामार्फत तात्पुरते कामगार घेण्याची मुभा मिळाली होती. २००८ च्या शेवटी मोटारींची निर्यात घसरली आणि या तात्पुरत्या लोकांना पहिल्यांदा काढले. राहायची खोलीही कंपनीची, त्यामुळे काम गेले त्या दिवशी छप्परही गेले. ३१ डिसेंबर २००८ पासून ५ जानेवारीपर्यंत तोक्योच्या हिबिया उद्यानात कामगार संघटनांनी आणि स्वयंसेवकांनी अशा लोकांसाठी तंबू ठोकून अन्नछत्र चालविले. सुमारे पाचशे माणसे तेथे आली. मजुरीमंत्रालय त्या उद्यानाच्या समोरच आहे. ब्राझीलहून आलेल्या जपानी वंशाच्या कामगारांना तर एप्रिल २००९ पासून सरकारने माणशी तीन लाख येन देऊन परत जाण्यास सुचविले, आणि त्याच प्रकारच्या परवान्यावर पुन्हा यायचे नाही, ही अट घातली.

मग दुसरे काही करता येत नव्हते काय? येत होते. जर्मनीत 'कुर्त्सआर्बाइट', म्हणजे कमी तासांचे काम, अशी पद्धत आहे. कामगाराला काढायचे नाही, त्याचे तास कमी करायचे, आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग सरकारी विमा निधीतून भरून द्यायचा. २००९ च्या उन्हाळ्यात तेथे चौदा-पंधरा लाख माणसे अशा रीतीने कामावर टिकून होती. मंदी सरली तेव्हा कारखान्यांना शिकलेले हात शोधत फिरावे लागले नाही. तेथेही ठेक्याच्या कामगारांना प्रथम झळ लागलीच. पण पटावरच्यांना घरी बसविण्याआधी दहा दारे ठोठवावी लागत.

आपल्याकडे काय होते? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात करताना शेवटी आलेला आधी जाईल, असे तत्त्व होते. मनमानी होऊ नये म्हणून ते होते, त्याचा हेतू चांगलाच होता. ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई होती. पण ती कोणाला? ज्याची वर्षाची सलग नोकरी पटावर आहे त्याला. बदली आणि हंगामी कामगाराला नाही, आणि पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या जागी मुळीच नाही. आमच्या त्या खेडच्या मुलाच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस माणसे होती.

सरकारने ७ डिसेंबर २००८ रोजी उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरविले, त्यामुळे गाड्यांच्या किमती थोड्या खाली आल्या. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ऑक्टोबरातल्या ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाचांवर आणला. कंपन्या सावरल्या, आपल्याकडे त्या अमेरिकेतल्यासारख्या कोसळल्याही नव्हत्या. आणि योगायोग पाहा, जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना सुरू केला तो सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन बँक बुडण्याच्या अगदी तोंडावर! मायदेशी सरकारच्या पैशावर जगलेल्या कंपनीचा हा कारखाना पुढे बारा वर्षे चालला. २०१७ च्या अखेरीस तिने भारतात गाड्या विकणे थांबविले, केवळ निर्यातीसाठी तळेगाव चालू ठेवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही उत्पादन बंद केले. कामगारांचा झगडा दीर्घकाळ चालला. जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला. तेथे वॉशिंग्टनसारखी सुनावणी झाली नाही, कारण कोणी मदत मागितलेली नव्हती, निघून जायचे होते.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी काही जण उद्या याच पट्ट्यात लागाल. तेव्हा नेमणुकीचा कागद घेताना त्यावर कंपनीचे नाव आहे की ठेकेदाराचे, हे पाहून घ्या. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक विचारा. पगाराची पावती जपून ठेवा. या गोष्टी मंदी आल्यावर विचारून मिळत नाहीत. आमच्या काउंटरवर दरवर्षी अशी मुले येतात, त्यांच्याजवळ तीन वर्षे काम केल्याचा एकही कागद नसतो.

अमेरिकेत त्या निम्म्या मजुरीचे काय झाले, तेही सांगतो. २०१५ च्या करारात नव्या कामगाराला पूर्ण मजुरीपर्यंत पोचायला आठ वर्षांची पायरी बांधून मिळाली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी संघटनेने तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप सुरू केला. असे त्यांच्या इतिहासात प्रथमच घडले. सहा आठवड्यांनी तडजोड झाली तेव्हा आठ वर्षांची पायरी तीन वर्षांवर आली. २००७ साली मान्य केलेली गोष्ट बहुतांशी परत मिळवायला सोळा वर्षे लागली, आणि मधल्या काळात जे निम्म्या मजुरीवर राबले त्यांची ती वर्षे कोणत्याही खात्यात जमा झाली नाहीत.

खेडच्या त्या मुलाची मोटारसायकल २००९ च्या फेब्रुवारीत वसुलीवाल्यांनी उचलली. लिलावात आलेली रक्कम जमा करूनही त्याच्या खात्यावर सोळा हजारांच्या आसपास बाकी राहिली. मामाला नोटीस जाऊ नये म्हणून तो दर महिन्याला पगार झाला की एसटीने यायचा आणि पाचशे रुपये भरायचा. गाडी नव्हती, हप्ते होते. २०११ च्या दिवाळीपर्यंत हे चालले. तोवर तो चाकणला एका कारखान्यात लागला होता, तेथेही ठेक्यावरच. शेवटचे पाचशे भरले त्या दिवशी त्याने बाकी नसल्याचा दाखला मागितला. तोही आम्हीच छापला, साहेबांची सही घेतली आणि त्याच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि स्टँडकडे निघून गेला.